आठ नंबर

दहावीत एका दुकानदाराने पायात आठ नंबर घातला, तेव्हापासून मी आठ नंबरचाच. रक्तगट विचारला तर चाचपडतो, हा मात्र ताडकन सांगतो. त्याआधी आई दोन नंबर मोठा बूट घ्यायची, "वाढतं अंग आहे" म्हणून, आणि पुढे कागदाचा बोळा कोंबायची. बोळ्यातून सुटलो तो थेट फोडांत पडलो.

नवरात्रात धाराशिवहून तुळजापूरला चालत निघालो. वीसेक किलोमीटर. सोलापूरकर कोजागरीला याच्या दुप्पट चालून येतात, त्यामुळे आमचं कौतुक कुणाला नसतं. आदल्या दिवशी सकाळीच नवे बूट घेतले होते. करंगळीने आत शिरतानाच तक्रार केली. "वापरल्यावर सैल होतंय की, सर," दुकानदार म्हणाला.

सैल मीच झालो. पाचव्या किलोमीटरला टाच सोलली. आत्या सत्तरीची, अनवाणी, पायाची बोटं ऐसपैस मांडी घालून बसल्यासारखी पसरलेली. मागे वळून म्हणाली, "काढ की रं ते पायताण. देवीला चाललास का वरातीला?"

भाची नर्सिंग शिकते. तिने रस्त्याकडेला माझा पाय मांडीवर घेतला. "मामा, कुरूप आहे."

माझा चेहरा पडला.

"करंगळीला," ती म्हणाली. "आजचं नाही, जुनं आहे. बूट संध्याकाळी घ्यायचे असतात मामा, दिवसभरात पाय फुगतात. आणि बसून नाही, उभं राहून बघायचे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. तुमचा नंबर नऊ आहे."

आठ आणि नऊमध्ये फरक किती, तर इंचाचा तिसरा हिस्सा. इंग्रजांनी तो जवाच्या दाण्यावरून धरला. ज्वारीची पोती भरणाऱ्या जिल्ह्यात मी एका दाण्यापायी लंगडत होतो!

तुळजापुरात बूट मुद्दाम गर्दीच्या तोंडाशी काढले. नेणाऱ्याची सोय म्हणून दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवल्या. मंदिराच्या पायऱ्या अनवाणी उतरताना देवीचं दर्शन व्हायच्या आतच पाय तृप्त झाले.

बाहेर आलो तेव्हा दिवस कलला होता. बूट जागेवरच होते. फक्त नाड्यांची गाठ सुटलेली होती आणि उजव्याची टाच दबली होती. कुणीतरी घालून बघितला होता. ऐन संध्याकाळी, उभ्याने. आणि जिथल्या तिथे ठेवून गेला होता.