फोन लावायचा तो वकिलाला

बांधावर मारामारी झाली की दौंड तालुक्यातल्या वरवंडात पहिला फोन जातो ज्याची ‘साहेबांशी ओळख’ आहे त्याला. दुसरा पाहुण्यांतल्या पुढाऱ्याला. तिसरा पोलिसात असलेल्या मावसभावाला. वकील आठवतो तो चार दिवसांनी. तोवर यवत ठाण्यात फिर्याद नोंदून झालेली असते, जबाब झालेले असतात आणि घरातल्या कुणीतरी ‘मिटवून टाकू’ या आशेवर नको ते बोलून ठेवलेलं असतं.

ओळखीच्या माणसाला कलम वाचता येत नाही. आणि मारहाणीच्या गुन्ह्यात सगळा खेळ कलमाचा आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. पारावर अजून 323, 324, 326 हेच आकडे चालतात. त्या तारखेनंतरच्या भांडणाला ते लागत नाहीत. साधी दुखापत आता 115(2). शिक्षा एक वर्षापर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे ठाण्यात एनसी होते आणि ‘कोर्टात दाद मागा’ अशी समज मिळते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. पण त्याच भांडणात हाड मोडलं किंवा दात पडला, तर 117(2), गंभीर दुखापत, सात वर्षांपर्यंत. कोयता, कुऱ्हाड चालली आणि जखमही गंभीर निघाली, तर 118(2), आणि तिथं जन्मठेपेपर्यंत मजल जाते.

म्हणून दवाखान्यातला जखमेचा दाखला हा खटल्याचा कणा असतो. जुन्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर दुखापत गंभीर ठरायची. नव्या कायद्यानं ते पंधरा दिवसांवर आणलं. पाच दिवसांच्या या फरकाने एखाद्याचा खटला एका वर्षाच्या कलमातून सात वर्षांच्या कलमात जातो. हे पुढाऱ्याला माहीत नसतं. त्याला दोष देत नाही, त्याचं ते काम नाही.

मला खरा राग आहे तो नावं घुसवण्याचा. भांडले दोघे, फिर्यादीत नावं आठ. पुण्यात कॉलेजला असलेला पोरगा, गुडघेदुखीने उठता न येणारी आजी, दोन सुना. एकाच हेतूनं केलं म्हणून 3(5) लागतं. पाच किंवा अधिक जण दाखवले की बेकायदेशीर जमाव होतो आणि जमावातल्या कुणीही केलेलं कृत्य सगळ्यांच्या माथी येतं. समोरचाही गप्प बसत नाही, तासाभरात तोही ठाण्यात. झाली क्रॉस केस. आषाढी वारीत तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी येते तेव्हा हीच भावकी एका पंगतीत वाढायला उभी असते. कालव्याची पाणीपाळी आली की एकमेकांची पोरं आरोपी करते. ज्या पोराचं नाव खोटं घातलं, तो पहाटे रस्त्यावर धावून पोलीस भरतीची तयारी करत असतो हे फिर्याद देणाऱ्या चुलत्याला पक्कं ठाऊक असतं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो. पोरानं तो लपवू नये. लपवणं हेच पुढं वेगळं कारण होतं नोकरी जायला. पण तो रकाना त्याच्या वाट्याला आणणारा चुलता कुठल्या तोंडाने पंगतीत बसतो, हे मला कळत नाही.

बरं, बांध कोरला असेल तर त्याचं उत्तर भूमी अभिलेखच्या मोजणीत आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदाराकडे दाद मागता येते. दांडकं उचललं की ती दोन्ही कामं मागं पडतात आणि बांध तिथंच राहतो.

आता वकील कसा शोधायचा? न्यायालय उघडं असतं, कुणीही आत जाऊन बसू शकतं. दौंडला एक दिवस मागच्या बाकावर बसा. उलटतपासात साक्षीदाराला नेमके प्रश्न कोण विचारतो, तारीख कोण वाया घालवत नाही, हे अर्ध्या दिवसात दिसतं. गुन्हा मोठा असेल आणि खटला सत्र न्यायालयात जाणार असेल, तर विचारा, असे खटले याआधी चालवलेत का? तारखेला तुम्ही उभे राहणार की ज्युनिअर? पैसे कशाकशाचे, कोणत्या टप्प्यावर? पावती मागायला लाजू नका. ‘निर्दोष सोडवतो, मगच इतके द्या’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. निकालावर फी ठरवायला वकिलांच्या नियमांत बंदी आहे. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याकडूनही उठा. आणि चांगला वकील मिळाला की त्याला खरं सांगा. मारलं असेल तर मारलं म्हणा. ते बाहेर न सांगण्याचं बंधन कायद्यानंच त्याच्यावर घातलंय. कोर्टात पहिल्यांदा सत्य कळलेला वकील तुम्हाला वाचवू शकत नाही.

फिर्यादी पक्षानं एक लक्षात घ्यावं. खटला सरकार चालवतं, सरकारी वकील तुमच्या बाजूनं असतो. तुम्हाला एफआयआरची प्रत मोफत मिळाली पाहिजे. मागून घ्या.

आणि ज्याच्यावर गुन्हा आहे त्यानं हे पाठ करावं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नसते. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अर्णेश कुमार निकालात हे बजावलं. आधी हजर राहण्याची नोटीस येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 35(3) ची. ती आली की पळू नका, वकिलासोबत जा. अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. पोलिसांपुढच्या जबाबावर आरोपीची सही लागत नाही. कोऱ्या कागदावर तर कुणाचीच लागत नाही.

‘पैसे कुठून आणू?’ हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर याच महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांनी दिलंय. होस्कोट नावाचा आरोपी पदवीची खोटी प्रमाणपत्रं बनवण्याच्या प्रकरणात शिक्षा भोगत होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवड्याच्या तुरुंगाकडे पाठवली गेली होती, पण आपल्या हाती ती पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अपिलाला वर्षांमागून वर्षं उशीर झाला. त्याचं अपील फेटाळलं गेलं, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात ठरवून दिलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकीलही. दुसरा खटला मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा. ‘कसाबलासुद्धा वकील दिला!’ असं पारावर रागानं म्हटलं जातं. तो राग मी समजू शकतो. पण 29 ऑगस्ट 2012 च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला आदेश दिला. समोर आणलेल्या आरोपीला सांगायचं, वकील हा तुझा हक्क आहे, आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चानं मिळेल. हे न सांगणं ही कर्तव्यातली कसूर. वरवंडच्या ऊसतोड मजुराला त्या आदेशाचा जितका उपयोग आहे, तितका दुसऱ्या कुणाला नसेल.

1987 च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. फोन 15100.

तर त्या फिर्यादीतली आठवी आरोपी, पदर सावरत भिंतीशी उभी असलेली आजी. न्यायाधीश विचारतील, ‘वकील आहे का?’ ती मागं वळून लेकाकडं बघेल. लेक तिला खुणेनं ‘हो म्हण’ सांगेल, कारण वकील नाही म्हणायला त्याला कमीपणा वाटतो. आजी, हो म्हणू नका. मोठ्यानं ‘नाही’ म्हणा.