सह्याजीराव

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघालं की वाटेत पिरियापट्टण लागतं. तंबाखूचा तालुका. लिलाव सुरू झाला की बाजारपेठेत पैसा खुळखुळतो आणि त्यातला थोडा माझ्या मामांच्या बोळापर्यंत पोचतो. मामा गलाईवाले. विटा-खानापूर भागातली ही माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर पांगली. जुना दागिना वितळवायचा, तेजाबानं शुद्ध करायचा, टंच सांगायचा. मामांच्या शब्दावर सोनार डोळे झाकून व्यवहार करतात. मामांचा मात्र शब्दावर विश्वास नाही. त्यांना सही लागते.

त्यांची सही हा एक सोहळाच असतो. कागद हातानं झाडला जातो, दुकानातला पंखा बंद होतो. पेन आधी हवेतच तीन घिरट्या घालतं, पिल्लू हेरणाऱ्या घारीसारखं. मग ते खाली झेपावतं, नाव-आडनाव एका दमात काढतं, उलटं फिरून खाली रेघ ओढतं आणि रेघेखाली दोन टिंबं देतं. या टिंबांशिवाय सही पुरी होत नाही. एकदा घाईत एकच टिंब पडलं आणि सही जुळत नाही म्हणून बँकेनं चेक परत पाठवला. दुसरा कुणी भांडला असता. मामांनी गावभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. “ह्याला म्हणत्यात बँक! टिंबाला किंमत हाय तितं.”

कन्नडमध्येही सहीला सहीच म्हणतात, याचा त्यांना कोण अभिमान! मी नवखा असताना एका गिऱ्हाइकाकडं ‘सिही’ मागितली होती. सिही म्हणजे गोड. तो बिचारा पावतीवर सही न करताच उठला आणि शेजारून म्हैसूरपाक घेऊन आला. मामांनी म्हैसूरपाक खाल्ला आणि मग त्याची सहीही घेतली.

अशा माणसाचं आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरायचं काम जुलैमध्ये माझ्याकडं आलं. आकडे टाकले, बटण दाबलं आणि म्हटलं, “झालं मामा.”

“सही?”

“सही नाही लागत. आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते टाकले की झालं.”

मामा माझ्याकडं बघत राहिले. पितळेच्या बांगडीकडं बघतात तसे. “आरं, ही सही हाय का कुलपाचा नंबर?”

मी समजावलं. २०१५पासून ही सोय आहे. ओटीपी म्हणजे सहीच. शिवकाळात नाही का, पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब? हे आजचं मोर्तब.

“मोर्तब कुलपात ऱ्हायाचं,” मामा म्हणाले. “तुजं मोर्तब म्हशीच्या गोठ्यात हाय.”

ते खरंच होतं. आधारला जोडलेला नंबर मामींकडं, आणि मामी विट्याजवळच्या गावी. मी फोन लावला. मामी धार काढत होत्या. हात पुसून त्यांनी मेसेज उघडला, अक्षर न् अक्षर वाचला आणि म्हणाल्या, “हितं लिवलंय, कुणालाबी सांगू नका.”

“मामी, मामांचाच आहे तो.”

“मामांना सांगू नका असंबी त्यातच आलं की.”

ओटीपीची मुदत १५ मिनिटं. मी घड्याळ बघत मामींची मनधरणी करत होतो, तोवर मामांनी भरलेल्या फॉर्मची छापील प्रत ओढून घेतली. शेवटी प्रतिज्ञा असते: मी अमुक, अमुक यांचा मुलगा, वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व पूर्ण आहे. ती मी आजवर कधी वाचली नव्हती. मामांनी ती मोठ्यानं वाचली आणि वडिलांचं नाव आल्यावर चष्मा सारखा केला. “आबांच्या नावानं शपथ हाय ही. थांब.” मग पहिल्या पानापासून बोट फिरायला लागलं. बोट थांबलं ते व्याजाच्या रकान्यावर.

“गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज कुटं हाय?”

ते मी विसरलो होतो. तिकडं मामी विरघळल्या, आकडे सांगू लागल्या, पण तोवर १५ मिनिटं उलटून गेली होती.

बरंच झालं म्हणायचं. विवरणपत्र पाठवलं, पण त्यावर सही वा ओटीपीची मोहर उमटली नसेल, तर ते रद्द करून नव्यानं भरता येतं. मी तसं केलं. व्याज धरलं, कर थोडा वाढला. वाढलेला कर मामांनी हसत भरला. सहीसाठी मात्र त्यांनी जुना रस्ता धरला: पोचपावतीचा फॉर्म छापायचा, त्यावर शक्यतो निळ्या शाईनं सही करायची आणि तो टपालानं आयकर खात्याच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडं पाठवायचा. पिनकोड ५६००५०० म्हणून मी एक शून्य जास्त लिहिलं, तेही मामांनीच पकडलं. ५६०५००.

पहिल्या प्रतीवर घार जरा लांब झेपावली आणि खालची रेघ थेट बारकोडवरून गेली. तिथं पेन लावायचं नसतं. दुसऱ्या प्रतीला दोन्ही टिंबं जागच्या जागी बसली. मामा स्वतः पोस्टात गेले, स्पीड पोस्ट केलं आणि पावतीवर कारकुनाची सही मागितली. कारकून म्हणाला, छापील पावतीवर सही नसते. मामा पावती उलटसुलट करत घरी आले. रात्री नीट जेवले नाहीत.

असे सह्याजीराव तुमच्याही घरात एखादे असतील. त्यांना हसा, पण एवढं लक्षात ठेवा. विवरणपत्र भरल्यावर सहीसाठी पूर्वी १२० दिवस मिळत, १ ऑगस्ट २०२२पासून ३० मिळतात. सही कधीच झाली नाही, तर ते भरलंच नाही असं धरतात. आणि ओटीपी टाकण्याआधी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचा. त्यासाठी १५ मिनिटं पुरतात.