सहा महिन्यांचे बागाईतदार

लेकीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेलेले पुण्याचे नाना जेट लॅग उतरायच्या आत मागच्या अंगणाचा ताबा घेतात. फ्रीमाँट असो नाहीतर सनीव्हेल. घर जावयाचं, हप्ते जावयाचे, झारी मात्र नानांची. कढीपत्त्याला ताक, मिरचीला चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण जे समोर येईल त्याला. नानांचं बागशास्त्र एका प्रश्नात आटोपतं: "हे खातात का?"

यंदा गाठ पडली टांगत्या कुंडीतल्या ओरेगानोशी. पिझ्झाबरोबर पुडीत येतो तो नव्हे; हा शोभेचा, 'केंट ब्यूटी'. नानांनी पान चुरगळलं, हुंगलं, चावलं. "ओव्याचा चुलतभाऊ दिसतो. बोलणं टाकलेला!"

दिसायला मात्र देखणा. हिरव्या पानांवर रुपेरी शिरा आणि डहाळीच्या टोकाला खवल्यांवर खवले रचलेली लोंबती गुलाबी कणसं. तो गुलाबीपणा पाकळ्यांचा नव्हेच. बोगनवेलीत असतात तशी रंगलेली पानंच ती. खरं फूल त्यांतून एवढंसं डोकावतं.

"खायचा नाही तर नाही, पण पोसायला नको?" म्हणून नानांनी त्यालाही ताक-धुवणाचा रतीब लावला. मूळ घराणं ग्रीस-तुर्कस्तानाकडच्या खडकाळ उतारांवरचं. दगडांत, उन्हात, अर्धपोटी वाढायची सवय. या पाहुणचारानं फांद्या लांबुडक्या झाल्या, पानं पिवळी पडली, बुंध्याशी कूज लागली.

"बाबा, त्याचे लाड करू नका," लेक म्हणाली.

उपाशी ठेवल्यावर फुलतं असं काही जगात आहे, हे नानांना एकदम पटलं. (मुलांच्या बाबतीत त्यांचं हेच मत होतं म्हणतात.) कुजकं छाटलं, मातीत खडी मिसळली, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळा सरता सरता कणसं गुलाबी झाली आणि नाना कडवे झाले. नागपूरचे व्याही आले, सवयीनं पान खुडायला हात पुढे केला.

"अं हं! हात नाही लावायचा!"

"अहो, आमटीत टाकून बघू की."

"आमटीत? व्याही, हे केंट ब्यूटी आहे!"

परतीच्या विमानाआधी कुंडीवर पाटी लागली. त्या गल्लीत मराठी वाचणारं घर एकच, पण पाटीला त्याचं काय? 'ताक घालू नये. पाणी विचारून घालावे. पाने तोडू नयेत. चव नाही, याची खात्री केलेली आहे.'