४७ प्रश्न आणि एक मांजर

जबलपूरच्या राइट टाउनमधले आजोबांचे घर विकायला काढले. गिऱ्हाईक मिळाले, किमतीवर घासाघीस झाली, इसार झाला. मग खरेदीदाराच्या वकिलांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. खाली जोडलेल्या हातांचे चित्र, वर मालकी हक्कासंबंधी प्रश्न. एकूण ४७.

प्रश्न ३ : सातबारा उतारा जोडावा. आता जबलपूरला सातबारा मागायचा म्हणजे पोहे-जलेबीच्या गाडीवर जाऊन साबुदाण्याची खिचडी मागायची. इथे खसरा असतो, बी-वन असते आणि फेरफाराला नामांतरण म्हणतात. प्रश्न ११ : सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र. प्रश्न १४ : मालमत्ता समुद्रकिनारा नियमन क्षेत्रात येते काय? मी उठून गच्चीवर जाऊन पाहिले. मदन महालाची टेकडी दिसली, समुद्र दिसला नाही.

वकीलसाहेबांना फोन केला. म्हटले, सिडको नवी मुंबईत असते. ते जराही विचलित झाले नाहीत. म्हणाले, ‘लागू नसेल तर तसं लिहा ना. लेकिन लिहा जरूर.’

चौकशीअंती उलगडा झाला. खरेदीदाराच्या मुलाने पनवेलला फ्लॅट घेतला होता. तिथल्या वकिलाची यादी मुलाने वडिलांना पाठवली, वडिलांनी वकिलांना, आणि वकिलांनी वरचे नाव बदलून मला. पण त्यातला प्रश्न २६, ‘विहिरीच्या पाण्याची पाळी आठवड्यातून किती तास?’, हा तर पनवेलचाही नसणार. तो कुठल्या तरी उसाच्या फडातून निघून, पनवेलच्या सातव्या मजल्यावरून, थेट आमच्या दारात आला. मालमत्तेचा इतिहास बँक ३० वर्षे मागे जाऊन तपासते. प्रश्नांच्या यादीचा इतिहास कुणी तपासत नाही.

बरे, आमच्या घराला खरोखर विचारण्यासारखे जे होते ते यादीत औषधालाही नव्हते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले, तेव्हा आमच्या जिन्याला पडलेली भेग अजून आहे. तिच्यात दहाचे नाणे उभे राहते. कुणी विचारले नाही. जुन्या जबलपुरात घर घेताना पहिला प्रश्न असायला हवा तो हा, की जमीन नजूलची, म्हणजे सरकारची, की फ्रीहोल्ड, आणि नजूलची असेल तर लीज संपली कधी? तोही नव्हता. पनवेलच्या वकिलाला नजूल माहीत असण्याचे कारण नाही आणि जबलपूरच्या वकिलांनी नवा प्रश्न टाइप करण्याचे कारण नाही.

हा घोळ मुळात १८८२ चा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की खरेदीदाराने मालमत्तेबद्दल किंवा मालकीबद्दल विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याने आपल्या माहितीप्रमाणे द्यावीत. संबंधित म्हणजे कोणते, ते साहेब सांगून गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक वकील आपापल्या मगदुराप्रमाणे संबंध जोडतो. मुलगी बघायला जाताना काय विचारायचे याची यादी आपल्या समाजाने केव्हाच ठरवून टाकली. घर बघताना काय विचारायचे ते अजून ठरत नाही.

साहेबाने स्वतःच्या घरी मात्र छापील फॉर्म केला. इंग्लंडात वकिलांच्या लॉ सोसायटीचा टीए-६ नावाचा नमुना आहे. शेजाऱ्याशी भांडण आहे का, कुंपण कुणाचे, पाणी शिरते का, सगळे त्यात. आयर्लंडमध्येही अशी प्रमाणित प्रश्नावली आहे. म्हणून तिथे आनंदीआनंद आहे असे समजू नका. २०२४ मध्ये तो टीए-६ लांबवला तेव्हा तिथले घरखरेदीवाले वकील इतके उखडले की त्यांनी आपल्याच सोसायटीची खास सभा बोलवायला लावली. यादी हा प्राणीच असा आहे, प्रमाणित केला तरी वाढायचा थांबत नाही.

आपल्याकडे सरकारने यातून अंग काढून घेतले आहे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संपदा २.०’ ही नोंदणी प्रणाली आली. आता म्हणे रजिस्ट्री घरबसल्या होते. छान झाले. पण रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विकणारा खरा मालक आहे की नाही हे तपासणे नोंदणी अधिकाऱ्याचे कामच नव्हे. म्हणजे सरकार शुल्क घेणार, अंगठा घेणार, फोटो घेणार, आणि घर कुणाचे हे मात्र तुमचे तुम्ही बघा. बघायला हाताशी काय? वकीलसाहेबांची पीडीएफ.

मी चिकाटीने उत्तरे लिहिली. अठरा ठिकाणी ‘लागू नाही’. प्रश्न ३८ असा होता : ‘मालमत्तेत विक्रेत्याव्यतिरिक्त अन्य कुणाचा ताबा वा वास्तव्य आहे काय?’ तोवर माझा संयम सुटला होता. मी लिहिले : ‘होय. न्हाणीघराच्या माळ्यावर एक मांजर, तीन पिल्लांसह. तिच्या आईपासून धरल्यास ताबा १२ वर्षांहून अधिक, उघड, अखंड आणि मालकाच्या इच्छेविरुद्ध.’ जाणकारांनी दाद द्यावी. मुदतीच्या कायद्यात प्रतिकूल ताब्याला नेमकी १२ वर्षेच लागतात.

चार दिवसांनी वकीलसाहेबांचा निरोप आला : सब उत्तर समाधानकारक.

पुढची पायरी ‘आम सूचना’. स्थानिक हिंदी दैनिकात, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली, भिंगातून वाचावी अशा अक्षरात एक चौकोन आला. सदर संपत्तीबाबत कुणास आपत्ती असेल तर सात दिवसांत कळवावे. सात दिवस गेले. कुणालाच आपत्ती नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, ‘टायटल एकदम क्लिअर.’

आता प्रश्न २९ बद्दल सांगतो. ‘मूळ मालकाच्या वारसांची नावे फेरफार नोंदीप्रमाणे कळवावीत.’ मी नामांतरणाप्रमाणेच कळवली. आजोबा १९८३ मध्ये गेले, मृत्युपत्र न करता. नामांतरणात दोन नावे लागली, माझे वडील आणि काका. आजोबांना अपत्ये मात्र तीन. तिसरी आत्या, १९६८ मध्ये लग्न होऊन नागपूरला गेलेली. लोक हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीच्या गप्पा मारतात, पण आजोबांनी स्वतःच्या कमाईने बांधलेल्या घरात मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच आहे. आणि नामांतरणाने कुणी मालक होत नाही, ते महसुलाच्या वहीपुरते असते, हे न्यायालये सांगून सांगून थकली. समुद्र किती लांब हे विचारणाऱ्या यादीत ‘तुमच्या आजोबांना मुली किती?’ हे चार शब्द कुठेच नव्हते.

मीही आपणहून बोललो नाही. विचारले असते तर सांगितले असते, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण उत्तरे लिहायला म्हणून ते कलम ५५ पुन्हा काढले आणि दुर्दैवाने शेवटपर्यंत वाचले. मालकीतला माहीत असलेला आणि समोरच्याला साध्या तपासात न कळणारा दोष लपवणे म्हणजे कपट, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. साहेब इथे अजिबात संदिग्ध नाही.

रात्री नागपूरला फोन लावला. आत्या ८१ वर्षांची आहे, पेपर रोज वाचते, पण नागपूरचा. आमची आम सूचना तिला दिसणार कशी? मी चाचरत सगळे सांगितले. कागद, यादी, सिडको, नामांतरण, तिचा राहून गेलेला हिस्सा. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘सही कुठे करायची ते नंतर सांग रे. आधी आकडा सांग.’

रजिस्ट्री पुढे ढकलली आहे. मांजर अजून माळ्यावरच आहे.