आधी मार्क, मग बाकीचे

नाताळचा फराळ सुरू असताना, करंजी तोंडात आणि पुढची हातात असताना, दरवर्षी कुणीतरी मला विचारतंच, "तुमचं बायबल एकदा वाचायचंय हो. सुरुवात कुठून करू?" आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, त्यामुळे साऱ्या बायबलच्या किल्ल्या आमच्या कमरेला लटकतात असा समज आहे. मी उलट विचारतो, "तुम्ही कुठून करणार होतात?" उत्तर ठरलेलं : "पहिल्या पानापासून. पुस्तकच ना?"

घात होतो तो इथंच. ती 66 पुस्तकं आहेत, एका पुठ्ठ्यात बांधलेली. कॅथलिक शेजाऱ्यांकडून आणलंत तर 73.

पहिल्या पानापासून निघालेल्यांचा जानेवारी मजेत जातो. उत्पत्तीचे अध्याय 50, आणि त्यांत भावकी खच्चून भरलेली. मसुरीच्या आमटीवर थोरलेपणाचा हक्क विकणारा एसाव आहे. लग्नाच्या रात्री धाकटीऐवजी थोरली मुलगी भाच्याच्या गळ्यात मारणारा लाबान आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही भानगड समजायला मराठी वाचकाला तळटीप लागत नाही. निर्गमाचा पूर्वार्धही धावत सुटतो. मग पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाचं बांधकाम निघतं : फळ्या किती हात, पडदे किती हात, आकड्या कशाच्या. त्यापाठोपाठ लेवीय. फेब्रुवारीत तिथं घातलेली खूण पुढच्या नाताळाला तिथंच सापडते.

लेवीय मला स्वतःला आवडतं, विशेषतः चौदावा अध्याय. भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे दिसले तर मालकानं याजकाला कळवायचं. याजक येण्याआधी घर रिकामं करायचं, म्हणजे आतलं सामान अशुद्ध ठरत नाही. याजक भिंती बघून घर सात दिवस बंद ठेवणार. चट्टे पसरले तर ते दगड उपसून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडून नवा गिलावा करायचा. तरीही उमटले, तर घर पाडायचं. गच्चीच्या गळतीवर पावसाळ्यामागून पावसाळे सभाच भरवणाऱ्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीनं हा अध्याय वाचावा. तिथं निदान पाहणीला माणूस तरी येतो! पण ही चव मुरलेल्या वाचकाची.

शहाणी माणसं म्हणतात, "बरं, नव्या करारापासून करतो." तिथं दारातच मत्तय वंशावळ घेऊन उभा. अब्राहामापासून योसेफापर्यंत बाप आणि मुलगे, मुलगे आणि बाप. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं नवा करार दिला. ते नेटानं वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते कायमचेच, आणि 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ते कवी होते. आपल्याला गोंदिया येईपर्यंत डुलकी लागली असती.

म्हणून मी मार्क सांगतो. चार शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान, अध्याय अवघे 16. वंशावळ नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. (ते हवे असतील तर लूकचा दुसरा अध्याय.) टोळ आणि रानमध खाणारा योहान येतो, बाप्तिस्मा होतो, कोळी जाळी टाकून मागोमाग निघतात, आणि पहिला अध्याय अजून संपलेला नसतो. त्यातच शिमोनाच्या सासूबाई तापानं पडलेल्या. येशूनं हात धरून उठवलं, ताप उतरला, आणि बाई लागल्या पाहुण्यांची सरबराई करायला. माझ्या बहिणीनं इथं पुस्तक मिटलं. म्हणाली, "एक दिवस तरी पडू द्यायचं होतं बिचारीला." पाळकसाहेब हसले. मला विचाराल तर असंच भांडत वाचावं. मान डोलावत वाचणारे फार पुढे जात नाहीत.

मार्क झाला की लूक. मग चवीपुरती स्तोत्रं. आळशी माणसानं 117वं घ्यावं, त्यात दोनच वचनं आहेत. 119व्यात 176 आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणजे महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या.

पण काहीही करा, शेवट काय होतो ते बघायला मागचं पान उलटू नका. मागे प्रकटीकरण आहे, त्यात सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा पशू आहे, शिवाय 666 हा आकडा आहे. तो आकडा कुणाकुणाच्या नावात बसवून बघण्यात भल्याभल्यांची वर्षं गेली. तिथवर पोचलात की आधी मला एक फोन करा.