रेवडीवरची कुस्ती

कुंडलला पैलवानाची किंमत कळते. मैदानात जोड लागते ती वजन, वय आणि मागच्या कुस्त्या बघून. इनाम आधी पुकारलं जातं, हलगी कडाडते आणि पाठ मातीला लागली की वाद संपला. हरलेला उठतो, अंग झटकतो, वस्तादाच्या पाया पडतो आणि पुढच्या मैदानाच्या तयारीला लागतो. पोरंसोरं रेवड्यांवर लढतात, नामांकित मल्ल लाखांवर. पण फुकट अंगाला माती लावून घेणारा अजून जन्मायचा आहे.

याच गावात पारावर आणि पाराशेजारच्या चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं एक कुस्ती फुकट चालू आहे. देव विरुद्ध विज्ञान. तिला ना जोड, ना पंच, ना वेळेचं बंधन. घाम मात्र तेवढाच गळतो. पदरात पडतो तो अर्धा चहा, तोही दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेला. हा अन्याय मला बघवेना. म्हणून मी टपरीवर एक ठराव मांडला : या वादात जो उल्लेखनीय कामगिरी करील, त्याचा दरसाल फेटा बांधून सत्कार व्हावा.

"जिंकंल त्याला द्या की," आबा म्हणाले.

तिथंच तर घोडं पेंड खातं. या वादात आजवर कुणीच हरलेलं नाही. दोघंही जिंकूनच घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंकायला येतात.

आबा हे धर्माच्या बाजूचे. पायात करकर वाजणारं पायताण, खिशात मोठ्या अक्षरांचा मोबाईल. जगात जे जे म्हणून शोध लागले, ते आपल्याकडं आधीच होते, हा त्यांचा हुकमी डाव. विमान होतं, अणुबॉम्ब होता, प्लास्टिक सर्जरी तर घरोघरी होती. मग आपण ते सगळं हरवून कसं बसलो, असं विचारलं की आबा विहिरीच्या मोटारीकडं बघायला जातात. विरुद्ध बाजूला गुरुजी. आयुष्यभर सातवीला विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. त्यांची विज्ञानावरची श्रद्धा इतकी गाढ आहे की त्यांना कुणी पुरावा मागितला तर देवळात चप्पल घालून शिरल्यासारखे ते दचकतात.

दोघांचे साक्षीदार ठरलेले. आबांची नासा. सूर्यातून ॐचा आवाज येतो, हे नासानं मान्य केलं. एकादशीच्या उपासाला नासानं मान्यता दिली. आमच्या पारावरची एवढी कामं निपटून त्या माणसांना चंद्रावर जायला सवड कशी मिळते, देव जाणे. गुरुजींचा साक्षीदार आइन्स्टाईन. तो बिचारा जे जे बोलला नाही, ते ते गुरुजींच्या मोबाईलवर त्याच्या विस्कटलेल्या केसांच्या फोटोखाली छापून येतं. एकदा दोघांनीही आइन्स्टाईनच काढला. आबांचा आइन्स्टाईन गीतेवर बोलत होता, गुरुजींचा देव नाही म्हणत होता. फोटो दोन्हीकडं तोच.

आबांचा दुसरा डाव त्याहून अवघड. त्याला तोड नाही. गावाजवळच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथाची गुहा आहे. ते जैनांचं जुनं तीर्थ, पण श्रावणात सगळं गावच डोंगर चढतं. गुहेत पाणी पाझरतं, त्याला आबा चमत्कार म्हणतात. गुरुजींनी समजावलं, की हा काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे थर आहेत, थरांमध्ये भेगा असतात, वरचं पावसाचं पाणी त्या भेगांतून झिरपत खाली येतं.

"भेगा कुणी पाडल्या?"

"लाव्हा थंड होताना पडल्या."

"आन् लाव्हा कुणी वतला?"

"ज्वालामुखीनं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

"तवा तुमी हुता का?"

गुरुजी नव्हते. आबाही नव्हते, पण हा मुद्दा मैदानात कुणी काढला नाही. चहावाल्यानं कुस्ती बरोबरीत सोडवली.

मला विचाराल तर या वादात उल्लेखनीय म्हणावी अशी कामगिरी माझ्या डोळ्यांदेखत एकदाच झाली, आणि ती करणाऱ्या बाईला आपण कुठल्या वादात आहोत याचा पत्ताही नव्हता. तारीख २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्याला. आमच्याकडच्या गणपतीनंही घेतलं. आजीनं चमचा सोंडेला लावला आणि दूध हळूहळू कमी झालं. मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात गुरुजी आले. तेव्हा ते नोकरीत होते आणि ऐन भरात होते. त्यांनी पृष्ठताण सांगितला. मूर्तीला चमचा टेकला की दूध ओढलं जातं, सोंडेवरून पातळ ओघळत खाली येतं, पांढऱ्या मूर्तीवर ते दिसत नाही, हेही सांगितलं. पाटाखाली बोट फिरवून ओलं बोट दाखवलं.

आजी म्हणाली, "मग काल का न्हाई प्याला?"

गुरुजी म्हणाले, "काल तुम्ही पाजलंत का?"

घरात शांतता झाली. असा डाव मी कुंडलच्या मैदानातही पाहिलेला नाही. आजी थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "मग उद्या पाजून बघती."

आणि तिनं खरंच पाजलं! दुसऱ्या दिवशी देशातली गर्दी ओसरली होती. वर्तमानपत्रांत शास्त्रज्ञांचे खुलासे येऊ लागले होते, पण आजीला वाचता येत नव्हतं. पहाटे उठून, आंघोळ करून तिनं चमचा लावला. दूध कमी झालं. मग तिनं तोच चमचा खलबत्त्याच्या काठाला लावला. तिथंही कमी झालं. मग पाट उचलून खालचं पाणी पाहिलं, फडक्यानं पुसलं, फडकं पिळून वास घेतला. हे सगळं तिनं कुणाला न सांगता केलं. मी फक्त दाराआड होतो. संध्याकाळी गुरुजींनी मुद्दाम येऊन विचारलं, "काय आजी, मग?"

आजी म्हणाली, "खलबत्त्यात बी देव असतूय, गुरुजी." आणि चहा टाकायला गेली.

माझं पहिल्या बक्षिसाचं मत तिला आहे. पण ठराव मांडल्यावर आबा म्हणाले, म्हातारीनं देवावर शंका घेतली. गुरुजी म्हणाले, म्हातारीनं निष्कर्ष चुकीचा काढला. दोघांचं एकमत झालं, आणि आमच्या पारावर तो दिवस तेवढ्यासाठी लक्षात राहिला.

खरं तर आमचा मुलूख या खेळात कच्चा नाही. कुंडल औंध संस्थानात होतं, आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची गोष्टच न्यारी. राजा स्वतः कीर्तन करायचा, सूर्यनमस्कार घालायचा आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावायचा. सूर्य हा देव की व्यायाम, हा वाद त्यानं घाम काढून मिटवला. वेदांवर आयुष्य वाहिलेले पंडित सातवळेकर याच राजाच्या आश्रयानं औंधात राहिले. आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराचा कारखाना काढायला कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, तोही याच राजानं. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. एका हातानं वेद, दुसऱ्या हातानं भट्टी. आज हा राजा पारावर आला असता तर आबा आणि गुरुजी दोघांनीही त्याला दुसऱ्याच्या बाजूला ढकललं असतं.

त्या नांगराचीही एक कुस्ती झाली होती. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. लक्ष्मणरावांना पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक मिळेना. लोखंड आणि माती यांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी पारावर भाषण ठोकलं असतं, तर तो वाद अजून चालू असता. त्यांनी नांगर करत राहणं पसंत केलं. कुणीतरी चालवून पाहिला, शेत विषारी व्हायच्या ऐवजी पीक आलं, आणि विरोधी पक्ष बैल जुंपायला घरी गेला.

भाषणांची हौस नंतर वाडीच्या छापखान्यानं भागवली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या आवारातून मासिक सुरू केलं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे विज्ञाननिष्ठेवरचे जळजळीत लेख त्यात छापून येत. म्हणजे पोथीतल्या एकेका समजुतीला धरून आपटायचं काम रत्नागिरीत व्हायचं आणि त्याचा दणका आमच्या स्टेशनावरून पोस्टाच्या थैलीत भरून महाराष्ट्रभर जायचा. त्याच गाडीनं नांगरही जायचे. आज गंमत अशी की आबा सावरकरांचा फोटो घरात लावतात आणि गाईवरचं त्यांचं मत गुरुजींनी वाचून दाखवलं की मोटार बघायला जातात. गुरुजींना त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध तेवढे पाठ, बाकीचे सावरकर नकोत. एकाच माणसाची दोघांनी वाटणी करून घेतलीय.

नियम ठरवून झालेली कुस्ती हवी असेल तर २००८ सालची बघावी. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी मिळून ज्योतिषाची जोड लावली. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कुठली कुणाची हे फक्त पत्रिका पाहून सांगायचं. पाठ टेकली कधी म्हणायचं, हे आधीच ठरलेलं. सत्तावीस ज्योतिषी शेवटपर्यंत उतरले, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. म्हणजे नाणं थोडं जास्त शिकलेलं निघालं. आबांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जन्मवेळा चुकीच्या दिल्या असत्याल." गुरुजी खूष झाले. तेवढ्यात चहावाल्यानं त्यांना आठवण करून दिली, की धाकटीच्या लग्नात पत्रिका घेऊन तुम्हीच तासगावला गेला होता. "ते घरच्यांच्या समाधानासाठी," गुरुजी म्हणाले आणि चहा गार असल्याची तक्रार केली.

दाभोलकर सातारचे, आणि कबड्डीतले शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले खेळाडू. त्यामुळं असेल, पण वादाला रेघ आखून घ्यायची त्यांना सवय होती. चमत्कार सिद्ध करा आणि इनाम घेऊन जा, असं त्यांच्या अंधश्रद्धाविरोधी समितीचं जाहीर आव्हान. रक्कम वाढत वाढत एकवीस लाखांवर गेली. एवढं इनाम पुकारलं असतं तर कोल्हापूरपासून हरियाणापर्यंतचे मल्ल लांगा कसून आले असते. इथं इनाम नेणारा कुणी निघाला नाही. जे आले ते २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यातल्या पुलावर, मागून, पिस्तूल घेऊन. त्या दिवशी टपरीवर आबा आणि गुरुजी एकाच बाकावर बसले होते आणि दोघांपैकी कुणीही मोबाईल काढला नाही. आबा एवढंच म्हणाले, "ही काय रीत न्हवं."

तर बक्षीस. बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की ते जिंकणाऱ्याला द्यायचं नाही, कारण मग दोघांनाही द्यावं लागेल. वर्षभरात एकदा तरी "हे मला म्हाईत न्हाई" असं जो चारचौघांत म्हणेल, त्याला फेटा, नारळ आणि रोख पाचशे एक. गेल्या वर्षात असं कोण म्हणालं, याचा शोध घेतला. एक नाव पुढं आलं : चहावाला. पण ते तो उधारीच्या वहीबद्दल म्हणाला होता, असा खुलासा झाल्यानं नाव बाद.

बक्षीस यंदा तसंच राहिलं, पण कार्यक्रम रद्द करायला कुणी तयार होईना. मंडपवाल्याला सांगून झालं होतं. गुरुजींनी वेळ सुचवली, रविवार, संध्याकाळी पाच.

"राहूकाळ हाय," आबा म्हणाले. "साडेचार ते सहा."

गुरुजी उसळले. ग्रहांचा आणि मंडपाचा काय संबंध, यावर वीस मिनिटं बोलले. राहू नावाचा ग्रहच नाही, तो दोन कक्षांचा छेदनबिंदू आहे, हे बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं. मग घाम पुसला, वर पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पण पाचला ऊन फार लागतं. सहा वाजून दहा मिनिटांनी ठेवू."

"मी काय म्हणत हुतो?" आबा म्हणाले.

"तुम्ही राहूकाळ म्हणत होतात. मी ऊन म्हणतोय."

आणि मग, कार्यक्रम सहा-दहाला ठेवायचा हे पक्कं झाल्यावर, तो सहा-दहाला का ठेवायचा यावर दोघं दिवेलागणीपर्यंत भांडले.