ट्रकमागचे ट्राउटराव

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला मराठी पुरुषाचे काही ठरलेले प्रकार आढळतात. नाटकवाले, ढोलवाले, डोंगरवाले आणि शेअरवाले. अलीकडे त्यांत ट्राउटरावांची भर पडली आहे. मुलं बरोबर यायची बंद झालेली, गुडघ्याने बॅडमिंटन सोडायला लावलेलं आणि गॅरेजात अजून एक भिंत मोकळी, असा योग चाळिशीनंतर कधीतरी जुळून येतो आणि मासेमारीचा पहिला रॉड घरात शिरतो. पाचवा यायला फार दिवस लागत नाहीत.

पूर्वपुण्याई बहुधा एका मामापुरती असते. आजोळच्या ओढ्यावर हा मामा बांबूच्या काठीला तंगूस आणि गरी बांधून बसायचा आणि बोटभर मासे घेऊन यायचा. ट्राउटराव त्या मामाचा उल्लेख आता 'आमच्याकडे हे परंपरेने आलंय' असा करतात.

त्यांची शिकारीची रानं म्हणजे गावातलंच क्वॉरी लेक्स, प्लेझंटनचं शॅडो क्लिफ्स आणि लिव्हरमोरच्या दक्षिणेचं डेल व्हॅली. पहिली दोन म्हणजे खडीच्या जुन्या खाणी, काम संपल्यावर पाणी भरलेल्या. तिसरं धरण. आणि त्यांतला रेनबो ट्राउटही तितकाच स्वयंभू! बिचारा हॅचरीच्या सिमेंटच्या हौदात लहानाचा मोठा होतो. वेळच्या वेळी गोळ्या खातो. हौदाला घासून घासून त्याचे पर झिजतात. राज्य सरकारचा मासा असेल तर त्याला पुढे प्रजा होऊ नये अशी तजवीज बहुधा अंड्यातच केलेली असते, नद्यांतल्या मूळच्या ट्राउटांशी त्याची सोयरीक नको म्हणून. साधारण अर्ध्या पौंडाचा झाला की तो टाकीच्या ट्रकमध्ये बसून हायवेने येतो आणि तलावात ओतला जातो. या प्राण्याबद्दल बोलताना ट्राउटराव आवाज खाली आणतात आणि 'फार धूर्त जनावर' असं म्हणतात.

खरी शिकार ट्रकची असते. राज्याच्या वेळापत्रकात मासे कुठल्या आठवड्यात सोडणार ते दिलेलं असतं, वार दिलेला नसतो. या एका रिकाम्या जागेवर ट्राउटरावांची अख्खी बुद्धी खर्च होते. ऑफिसात जो माणूस एका ओळीच्या मेलला तीन दिवस उत्तर देत नाही, तो इथे गेल्या चार हंगामांच्या तारखा मांडून बसतो. रेंजरला कॉफी नेऊन देतो. पार्किंगमधल्या चाकांच्या ओल्या खुणा वाकून बघतो. पाणकावळे किती जमलेत यावर तर त्याचा हवामान खात्यापेक्षा जास्त विश्वास. ट्रक आलाच, तर चाळीत पाण्याचा टँकर आल्यावर जे होतं ते सगळं काठावर होतं, फक्त इथे लोक धक्का देताना 'एक्स्क्यूज मी' म्हणतात. त्या दिवशी ओळखीच्या तिघा मराठी माणसांची दंतवैद्याकडे एकाच वेळेची अपॉइंटमेंट निघते. तिघे तलावावर भेटतात आणि कुणी कुणाच्या दाताची चौकशी करत नाही.

ट्राउटरावांना बारशाला बोलावलं तरी ते गळ कसा बांधायचा हे सांगतात. तंगुसात आधी आरपार भोकाचं शिसं ओवायचं, मग स्विव्हल बांधायचा, त्यापुढे बारीक तंगुसाचा हातभर तुकडा आणि टोकाला सोळा नंबरचा तीनतोंडी गळ. शिसं तळाला बसतं आणि तंगूस त्यातून मोकळा सरकतो, म्हणून माशाने आमिष ओढलं तरी त्याला वजन जाणवत नाही. आमिष म्हणजे पॉवरबेट, बाटलीत मिळणारं रंगीत मळलेलं पीठ. गांडूळ बुडतं, हे पीठ तरंगतं. त्यामुळे ते तळापासून वर उठून फिरत्या ट्राउटच्या नाकासमोर उभं राहतं, आणि गोळ्यांवर वाढलेल्या माशाला असल्या वासाचं वावडं नसतंच. किती वर उठणार हे पुढच्या तुकड्याच्या लांबीवर ठरतं. इथे पंथ फुटतात. दीड फूटवाले आणि तीन फूटवाले. गणेशोत्सवात हे दोन्ही पंथ आरतीला एका रांगेत उभे असतात, पण प्रसादाच्या रांगेत वेगळे होतात.

पॉवरबेटमध्ये लसणाच्या वासाचाही प्रकार येतो आणि ट्राउटरावांची सगळी श्रद्धा त्यावर. लसूण माशाला तो घरी आणल्यावर लावायचा, असं मानणाऱ्या घरातली बायको त्यांना मिळालेली असते.

ती वेंगुर्ल्याची. फ्रीजमध्ये अंड्यांच्या खाली गुलाबी, हिरव्या आणि चमकीच्या पिठाच्या बाटल्या असतात, त्याबद्दल तिने बोलणं सोडलं आहे. ट्रक नेमका गुरुवारी येतो आणि गुरुवार घरात दत्ताचा. तेव्हा पाच ट्राउट (दिवसाला पाचाचीच परवानगी आहे) शुक्रवारपर्यंत बर्फात पडून राहतात. शुक्रवारी ती त्यांना हळद-तिखट आणि आगळ लावते, रव्यात घोळवून तळते. 'अगं, कसा झालाय?' या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं आहे. 'मसाला छान झालाय.'

सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी एकदा काठावर बसून सगळा प्रकार पाहिला.

'जावईबापू, हे मासे सोडले कुणी?'

'सरकारने. पार्कवालेही सोडतात, आपल्या परमिटच्या पैशांतून.'

'मग तो ट्रकवाला होता तेव्हाच पिशवी पुढे करायची होती.'

ट्राउटरावांनी यावर 'बाबा, यात एक थरार असतो' असं काहीतरी सांगितलं. सासरे थर्मासमधला चहा पीत राहिले.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी तापलं की ट्राउट तग धरत नाही, म्हणून ट्रक बंद. त्याऐवजी कॅटफिश सोडतात, पण त्याच्याकडे ट्राउटराव उच्चकुलीन नजरेने बघतात. या काळात श्रावण येतो आणि तो त्यांना अगदी सहज पाळता येतो, कारण आता ते बासवाले झालेले असतात आणि बास पकडून सोडून द्यायचा असतो. माणूस पार बदलतो. ट्राउटच्या हंगामात पाचवा मासा मिळेपर्यंत शेजाऱ्याच्या बादलीत डोकावणारा हाच गृहस्थ बासचा फोटो काढून त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवतो, कल्ले हलेपर्यंत. वसंतात नर बास उथळ पाण्यातल्या घरट्यावर पहारा देत बसतो, हे सांगताना त्यांचा कंठ दाटतो. स्वतःच्या मुलांच्या शाळेत पालकसभेला ते गेल्याचं कुणाला आठवत नाही.

बाससाठी आमिष रबराचं. सेन्को नावाची खारवलेली रबरी अळी मधोमध गळात अडकवायची आणि पाण्यात सोडून काहीही करायचं नाही. ती दोन्ही टोकांनी थरथरत बुडते. काहीही न करणं इंजिनिअर माणसाला जड जातं, म्हणून ते बोलतात. लार्जमाउथ बासचा विक्रम जॉर्ज पेरीचा, जॉर्जिया राज्यात, 1932 साली, 22 पौंड 4 औंस. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने जवळपास औंसभर जास्तीचा मासा काढला, पण नवा विक्रम म्हणायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून बरोबरी धरली. हे सगळं सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं. पेरीने तो मासा घरी नेला आणि कुटुंबाने खाल्ला, हे कळल्यावर मात्र ते पहिल्यांदा म्हणाले, 'माणूस समजूतदार होता.'

आता या कथेतला खरा ज्ञानी कोण, तर बास. कॅलिफोर्नियातले मोठाले बास सरकारी ट्राउट खाऊनच मोठे होतात. लॉस एंजेलिसजवळच्या कॅस्टेइक तलावातून 1991 साली 22 पौंडांचा बास निघाला तो याच खुराकावर वाढलेल्यांपैकी. म्हणजे ट्रकची वाट पाहणारे काठावरचेच नाहीत. हे ट्राउटरावांना कळलं आणि त्यांनी हुबेहूब ट्राउटच्या रंगाचा, शेपटी हलवणारा, टाचेपासून बोटापर्यंत पाऊल भरेल एवढा प्लास्टिकचा मासा मागवला. किंमत पत्नीला सांगितलेली नाही. आता ट्रकच्या दिवशी ते एका रॉडवर लसणाच्या पिठाने खरा ट्राउट धरतात आणि दुसऱ्या रॉडने खोटा ट्राउट फेकतात. दुसऱ्या रॉडसाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो. तोही त्यांच्याकडे आहे. सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी गळ्यात अडकवलेत आणि कुणीतरी ते मागावेत म्हणून ते अनेक हंगाम वाट पाहत होते.

परवा एकदाचा वॉर्डन आला. त्याने परवाना पाहिला, परमिट पाहिलं, दुसऱ्या रॉडचा कागद पाहिला. बादली वाकवून मासे मोजले. पाच. 'थँक यू सर' म्हणून तो वळला. एवढी बारकाईने त्यांच्या माशांची दखल घरात कुणी कधी घेतली नव्हती. कशावर धरले हे मात्र त्याने विचारलं नाही. ट्राउटरावांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पॉवरबेटची बाटली घेऊन ते त्याच्या मागे चालू लागले. वॉर्डन पुढच्या बादलीपर्यंत पोचेतो ते दीड फूट आणि तीन फुटांच्या वादावर आले होते.